हरवलेलं पार्सल कुणाचं?

दिवाळीचा हंगाम ओसरला की घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी फिरू लागते. ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, कधी मजल्यासकट पत्ता, आणि वर ठळक अक्षरांत ‘सावधान, यांना माल पाठवू नका’. या लोकांचा गुन्हा एवढाच, की ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसत असताना त्यांनी ‘पार्सल मिळालं नाही’ असा मेसेज केला. यादीखाली नेहमीची जुगलबंदी रंगते. एक जण म्हणतो, फुकटात खायची सवय लागलीय लोकांना. एखादी दबक्या आवाजात विचारते, खरंच नसेल मिळालं तर? तिला बाकीचे गप्प करतात. तिकडे ग्राहकांच्या गोटात उलटी ओरड: हे इन्स्टाग्रामवाले सगळे लुटारू, आधी पैसे घेतात आणि मग फोन उचलत नाहीत. दोन्हीकडचे लोक एकाच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात, खोटं कोण बोलतंय?

माझं म्हणणं असं की विक्रेत्याच्या दृष्टीनं हा प्रश्नच बिनकामाचा आहे, कारण त्याचं उत्तर शोधण्याचं कुठलंही साधन त्याच्या हातात नाही. त्यानं विचारायचा प्रश्न वेगळा: माल वाटेत असताना जोखीम कुणाची? उत्तर सरळ आहे. ज्यानं कुरिअर नेमलं, त्याची. स्वतःच्या पानावरून मसाले, साड्या, दागिने विकणाऱ्यानं कुरिअर नेमलं असेल तर पहिला फटका त्यानं सोसावा, ग्राहकाला माल पुन्हा पाठवावा किंवा पैसे परत करावेत, आणि मग कुरिअर कंपनीची मानगूट धरावी. कुरिअर ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मनं नेमलेलं असेल तर फटका प्लॅटफॉर्मचा. ग्राहक या दोन्ही व्यवहारांच्या बाहेर आहे.

हे लिहिणं सोपं आणि सोसणं अवघड, हे मला मान्य आहे. समजा, फराळाचा एक डबा ७०० रुपयांना जातो. त्यातले ४५० रुपये साहित्य, गॅस, पॅकिंग आणि हाताखालच्या बाईची मजुरी यांत गेले, ९० कुरिअरला, ६० जाहिरातीत. उरले १००. एक डबा हरवला आणि दुसरा पाठवला तर ५४० रुपये खिशातून जातात, म्हणजे जवळजवळ साडेपाच डब्यांची कमाई एका मेसेजनं पुसली जाते. ज्या बाईनं पहाटे उठून चकल्या तळल्या, तिला ‘पहिला फटका तुम्ही सोसा’ असं सांगणारा माणूस आगाऊच वाटणार. त्यात काही ग्राहक खरोखर लबाड असतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. माल घेऊन ‘आलाच नाही’ म्हणणारे आहेत आणि ‘त्या ताई लगेच पैसे परत करतात’ ही खबर दुसऱ्यांना देणारेही आहेत. मोठी कंपनी असले तोटे लाखो ऑर्डरींमध्ये विरघळवून टाकते. महिन्याला शंभर पार्सलं पाठवणाऱ्याला ते जमत नाही. आणि हातमागाची एकुलती एक साडी हरवली तर ‘दुसरी पाठवा’ म्हणणाऱ्यानं ती आणायची कुठून, हेही सांगायला हवं.

एवढं सगळं खरं धरूनही ‘डिलिव्हर्ड’ या एका ओळीवर माणसाला चोर ठरवता येतं का? ती ओळ लिहितो कोण, ते आधी पाहा. डिलिव्हरीवाल्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेत दिवसाचं टार्गेट असतं. संध्याकाळ झाली, चार पार्सलं उरली, तर तो ती अॅपवर ‘दिली’ म्हणून टाकतो आणि उद्या सकाळी देऊ म्हणतो. उद्या त्याची सुट्टी असते, किंवा हब बदलतं, किंवा पार्सल दुसऱ्याच बॅगेत जातं. सोसायटीत तो वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवून जातो आणि रात्रपाळीच्या वॉचमनला त्यातलं काही ठाऊक नसतं. कोकणातल्या वाडीवर तर तो जातच नाही. बाजारपेठेतल्या किराणा दुकानात पार्सल टाकतो, फोन लागला तर लागला. सहीच्या जागी बोटानं ओढलेली एक रेघ असते, ती ग्राहकाची की त्याची स्वतःची, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. ट्रॅकिंगचं पान नीट वाचलं तर कितीतरी गोष्टी तिथंच दिसतात. ‘आउट फॉर डिलिव्हरी’ सकाळी दहाला आणि ‘डिलिव्हर्ड’ रात्री नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी. आणि एकाच भागातली तुमची दोन पार्सलं, जिथं दोन घरांमध्ये तीन किलोमीटर अंतर आहे, तीही त्याच मिनिटाला ‘डिलिव्हर्ड’. हे पाहूनही जो आधी ग्राहकाला फोन करून ‘घरात नीट विचारा हो’ म्हणतो, तो पुरावा वाचत नाही, कुरिअरची बाजू मांडतो.

आता ग्राहकानं काय सिद्ध करायचं? आपल्याकडे वस्तू आली नाही, हे? न घडलेली गोष्ट सिद्ध कशी करतात? बऱ्याच विक्रेत्यांनी हल्ली नियम टाकला आहे, ‘अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार घेतली जाणार नाही’. फुटलेल्या बरणीसाठी, चुकीच्या रंगाच्या ड्रेससाठी तो नियम ठीक आहे. न आलेल्या खोक्याचा व्हिडिओ कसा काढायचा, ते त्यांनी एकदा करून दाखवावं.

टपालानं पाठवलेली वस्तू पोचली की नाही, हा वाद आपल्या कायद्याला नवा नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम २७ सांगतं की योग्य पत्त्यावर, पुरेशी तिकिटं लावून, रजिस्टर टपालानं पाठवलेलं पत्र पोचलं असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे गृहीतक पाठवणाऱ्याच्या बाजूचं. विक्रेते याचाच आधार घेऊ शकतात. पण हेच गृहीतक चेक न वटण्याच्या खटल्यांत आलं तेव्हा काय झालं, ते बघण्यासारखं आहे. चेक बाउन्स झाला, नोटीस टपालानं गेली, आणि आरोपी म्हणतो नोटीस मिळालीच नाही. २००७ साली सी. सी. अलवी हाजी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गृहीतक कायम ठेवलं, मात्र नाकारणाऱ्याच्या मनात शिरून खरं-खोटं हुडकत बसलं नाही. नोटीस मिळाली नाही म्हणतोस ना, मग समन्ससोबत तक्रारीची प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भर, तक्रार फेटाळली जाईल. तेही करणार नसशील तर नोटीस मिळाली नाही ही सबब चालणार नाही. खरोखर नोटीस न मिळालेल्याला वाट मिळाली आणि बहाणेबाजाला पळवाट उरली नाही.

कुणी म्हणेल, तिथं नाकारणाऱ्याला पैसे भरावे लागतात आणि इथं नाकारणाऱ्याला फुकट डबा मिळतो. फरक खरा आहे. म्हणूनच शक्य तिथं पैसे परत करण्यापेक्षा माल पुन्हा पाठवावा आणि दुसऱ्या वेळी ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडणार नाही अशी सोय निवडावी. ज्याला खरंच फराळ हवा होता त्याला फराळ मिळतो. ज्याला पैसे उकळायचे होते त्याला फार तर एक जादा डबा मिळतो, आणि तिसऱ्यांदा ‘आलं नाही’ म्हणायची सोय संपते.

कायद्यातला विक्रेत्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा तरीही उरतोच. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३९नुसार माल वाहकाच्या ताब्यात दिला की तो प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखाच असतो. मग कुरिअरची पावती फाडली की आपली जबाबदारी संपली, असं का नाही? कारण त्याच कलमाचं पुढचं पोटकलम आहे. विक्रेत्यानं वाहकाशी मालाच्या स्वरूपाला शोभेल असा करार करायला हवा. तो न करता माल हरवला तर वाहकाला दिलेला माल म्हणजे मला दिलेला माल, हे मानायला खरेदीदार नकार देऊ शकतो. चार हजारांची साडी किंमत न लिहिता सगळ्यात स्वस्त कुरिअरनं पाठवणं हा तसा करार आहे का? शिवाय तो कायदा मुख्यतः व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या सौद्याचा विचार करून घडलेला, जिथं खरेदीदार स्वतः वाहक सुचवतो आणि विमा उतरवतो. आपण ‘घरपोच’ म्हणून जाहिरात करतो, शिपिंगचे पैसे वेगळे लावतो, कुरिअर कोणतं ते ग्राहकाला विचारतही नाही. २०२०चे ई-कॉमर्स नियम तर सांगतात की सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही, अस्मानी संकटामुळे उशीर झाला असेल तेवढाच अपवाद. उशिरा आलेल्या मालासाठी हा न्याय असेल, तर मुळीच न आलेल्या मालासाठी तो विक्रेत्याला याहून सैल कसा असेल?

आणि जुन्यातला जुना दाखला द्यायचा तर १८६५चा कॅरिअर्स अॅक्ट. रेल्वे नुकती पसरत होती, मालवाहू होड्या आणि बैलगाड्या चालू होत्या, त्या काळचा कायदा. त्याच्या कलम ९मध्ये म्हटलं होतं की माल हरवल्याबद्दल वाहकावर दावा लावणाऱ्यानं वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. साधी गोष्ट होती: माल ज्याच्या ताब्यात, काय झालं ते त्यालाच ठाऊक. २००७च्या रस्ता वाहतूक कायद्यानं जुना कायदा बदलला, हे तत्त्व मात्र ठेवलं. म्हणजे पाठवणाऱ्याला, अर्थात विक्रेत्याला, वाहकाविरुद्ध पुराव्याचं ओझं नको म्हणून कायद्यानं दीडशे वर्षांपूर्वी सवलत दिली. ती सवलत घेऊन कुरिअरच्या दारात उभं राहायचं सोडून आपण तेच ओझं ग्राहकाच्या डोक्यावर का ठेवतो? कारण उघड आहे. कुरिअर कंपनीचा चॅटबॉट उत्तर देत नाही आणि ग्राहकाचा नंबर आपल्याकडे असतो.

वाटेतल्या जोखमीला किंमत लावायची अक्कल आपल्याकडे कुरिअरच्या कितीतरी आधीपासून होती. मुंबई आणि कच्छ-काठियावाडच्या बंदरांतल्या व्यापारात जोखमी हुंडी, म्हणजे अटीवर पैसे देण्याची चिठ्ठी, चालायची. जहाजात भरलेल्या मालावर ती काढायची आणि माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचं नुकसान, म्हणून तो ती घेतानाच जोखमीचे जादा पैसे वसूल करायचा. तांडेल खोटं बोलतोय का, यावर त्याचा धंदा चालत नव्हता. शंभरातली काही गलबतं पोचणार नाहीत हे धरूनच भाव ठरायचा.

तोच हिशेब फराळाच्या डब्याला लावू. शंभर डब्यांत एक हरवला आणि दुसरा पाठवला तर खर्च ५४० रुपये, म्हणजे प्रत्येक डब्यामागे ५ रुपये ४० पैसे. दोन हरवले तरी ११ रुपयांच्या आत. ७००चा डबा ७१०ला विकला म्हणून कुणी ग्राहक पळून जात नाही. याच्या शेजारी आरटीओचा, म्हणजे ग्राहकानं न घेतल्यानं परत येणाऱ्या पार्सलांचा, हिशेब मांडा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या शंभर ऑर्डरींपैकी समजा पंधरा जणांनी दारात पार्सल नाकारलं. जाण्यायेण्याचं भाडं प्रत्येकी १७० धरलं तर २,५५० रुपये गेले, आणि आठ दिवसांनी परत आलेल्या चकल्या शेजारणीलाही देता येत नाहीत. हा तोटा विक्रेते मुकाट्यानं गिळतात, धंद्याचा भाग म्हणतात. तो तसा आहेही. टपालखात्यानं १८७७ साली व्हीपी, म्हणजे पार्सल हातात घेताना पोस्टमनला पैसे देण्याची सोय, सुरू केली तेव्हापासून ‘व्हीपी परत आली’ हे पुस्तकं, औषधं आणि बियाणं टपालानं विकणाऱ्यांचं दुखणं होतंच, आणि त्यावर ‘टपालखर्च आगाऊ पाठवावा’ ही एक ओळ त्यांनी छापली. कुणी गावोगावच्या व्हीपी नाकारणाऱ्यांना चोर म्हणत फिरलं नाही. मग हरवलेल्या एका पार्सलावरच एवढा संताप का? आरटीओत पैसे जातात, ‘मिळालं नाही’मध्ये आपण फसलो असं वाटतं. वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या रागाची किंमत हिशेबाच्या वहीत धरली तर ती ५४० रुपयांहून बरीच जास्त भरते. दोन दिवसांची भांडणं, एक वाईट रिव्ह्यू, आणि ज्या ग्राहकाचं पार्सल खरंच हरवलं होतं त्याच्या अख्ख्या सोसायटीत गेलेलं नाव.

म्हणजे डोळे मिटून पैसे वाटायचे असं मी म्हणत नाही. एका पत्त्यावरून पहिल्यांदा तक्रार आली तर प्रश्न न विचारता भरपाई. दुसऱ्यांदा आली तर पुढची ऑर्डर फक्त ओटीपीनं किंवा कुरिअरच्या ऑफिसातून स्वतः येऊन नेण्याच्या अटीवर. नकार द्यायचा तर खासगीत आणि सभ्यपणे द्यावा. महाग माल वेगळ्या नियमानं जावा: किंमत घोषित करून, विमा उतरवून, पाठवायच्या दिवशी ग्राहकाला फोन करून. विम्याचा खर्च साडीच्या किमतीत मिळवा आणि तसं सांगा. पैठणी घेणारा माणूस त्यासाठी कुरकुरत नाही, उलट निश्चिंत होतो. एकुलत्या एक वस्तूची दुसरी प्रत मिळत नाही, पैसे मात्र परत देता येतात, आणि ते कुठून द्यायचे याची तजवीज विम्यानं आधीच झालेली असते. वजनाची पावती जपून ठेवणं हीही छोटी पण कामाची सवय. बुकिंगला ८४० ग्रॅम आणि हबवर ३१० ग्रॅम भरलेलं खोकं स्वतःच बोलतं.

याद्या मात्र ताबडतोब थांबायला हव्यात. माणूस खोटा आहे याचा पुरावा नसताना त्याचं नाव आणि नंबर दोनशे जणांत फिरवणं ही बदनामी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो गुन्हा ठरू शकतो. ‘आमच्या ग्रुपपुरतंच होतं’ हा बचाव नव्हे. शिवाय ग्राहकानं नंबर दिला तो डबा घरी यावा म्हणून.

प्लॅटफॉर्मच्या बाबतीत तत्त्व तेच, बोट वेगळीकडे. तिथं कुरिअर विक्रेत्यानं निवडलेलं नसतं, पार्सल त्याच्या दारातून प्लॅटफॉर्मची माणसं उचलतात, ग्राहकाशी बोलायलाही त्याला मनाई असते. तरी ‘मिळालं नाही’ची तक्रार आली की परताव्याचे पैसे त्याच्या पुढच्या हप्त्यातून कापले जातात आणि मग त्यानं क्लेमचा अर्ज भरत बसायचं. इथं विक्रेत्यांचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण तो ग्राहकाला लवकर पैसे मिळाले म्हणून नको, ते विक्रेत्याच्या खिशातून गेले म्हणून हवा. ज्यानं वाहक नेमला त्यानं सोसावं, हा नियम आपल्या पानावर मोडायचा आणि प्लॅटफॉर्मकडून पाळून घ्यायचा, हे जमणार नाही.

आणि खरी लढाई कुरिअरशी आहे, जिथं आपण जवळजवळ उतरतच नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा छापलेली असते, आणि त्यावर सही केली की ती बांधते. भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये हेच म्हटलं. सही केलेल्या कुरिअर पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती आणि भरपाई तेवढीच राहिली. रस्ता वाहतूक कायदाही माल जास्त किमतीचा असल्याचं आधी लिहून दिलं नसेल तर वाहकाची जबाबदारी मर्यादित ठेवतो. त्यामुळे किंमत लिहिण्याचा कंटाळा करणारा विक्रेता आपला हक्क काउंटरवरच सोडून येतो. हरवलेल्या मालाबद्दल त्या कायद्यानुसार दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते. चॅटवरचा ‘युवर कन्सर्न इज नोटेड’ म्हणजे नोटीस नव्हे. एक पानी पत्र, पार्सलचा नंबर, बुकिंगची तारीख, घोषित किंमत आणि मागणी, रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं. एकट्या विक्रेत्याचं ५४० रुपयांचं पत्र कंपनी केराच्या टोपलीत टाकील, हे खरं. म्हणून ग्रुपवर यादी करायचीच असेल तर पिनकोडची करा: कोणत्या पिनकोडला, कोणत्या कुरिअरचं, कोणत्या तारखेचं पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दाखवून पोचलं नाही. एका तालुक्याच्या हबवर वीस विक्रेत्यांची तीस पार्सलं गेल्याचं त्यात दिसलं, तर ती तीस कुटुंबं एकाच महिन्यात खोटं बोलायला लागली असं कुणी म्हणणार नाही, आणि कंपनीच्या विभागीय मॅनेजरला भेटायला जाताना हातात काहीतरी असेल.